‘टीचर’मधला हेक्टर

दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधून काढणं हा शिष्यवृत्तीच्या तयारीतला जुना, ओळखीचा प्रश्न. एखादा लांबलचक शब्द दिलेला असतो, खाली चार पर्याय असतात आणि यातला कोणता शब्द वरच्या अक्षरांपासून तयार होणार नाही ते ओळखायचं असतं. कधी उलट असतं, विस्कटलेली अक्षरं जुळवून प्राण्याचं किंवा फळाचं नाव शोधायचं. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला असायची, २०१६-१७ पासून काही वर्षं ती पाचवी आणि आठवीला होती. दुसऱ्या पेपरात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी एकत्र, १५० गुण, एकेका प्रश्नाला दोन. रायगड जिल्ह्यातल्या म्हसळ्यात मराठी शाळेत शिकवताना या दोन गुणांसाठी मी मुलांकडून भरपूर मेहनत करून घेतली. त्यातली बरीचशी चुकीच्या दिशेनं करून घेतली, आणि एकदा तर एका हुशार मुलाचा भर वर्गात अपमान केला. हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की याच चुका अजूनही घराघरांत आणि वर्गावर्गांत होताना मला दिसतात.

मी मुळात इंग्रजीचा माणूस नव्हे. एबीसीडी पाचवीत गिरवली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, तोवर माझी शाळा संपली होती. गणित माझ्या आवडीचं, इंग्रजी वाट्याला आलेलं. त्यामुळे अक्षरांच्या या प्रश्नाकडे मी गणित म्हणूनच पाहिलं. चार वेगवेगळ्या अक्षरांच्या २४ मांडण्या होतात, पाचांच्या १२०, सातांच्या ५,०४०. मग मी मुलांना सांगायचो, पहिलं अक्षर धरून बाकीची फिरवा, ती संपली की दुसरं धरा. जी, ओ, ए, टी ही चार अक्षरं दिली की मुलं पानभर मांडण्या लिहीत. त्या पानात ‘गोट’ कुठेतरी येऊन जायचा आणि निम्म्या मुलांना तो दिसायचाच नाही. बकरीला इंग्रजीत गोट म्हणतात हे सगळ्यांना पाठ होतं, पण त्यात ‘ओ’च्या पुढे ‘ए’ असतो हे नजरेत बसलेलं नव्हतं. शब्द कानाला माहीत होता, डोळ्यांना नव्हता. हे मला तेव्हा कळलं नाही. मुलं आळस करतात असं समजून मी आणखी मांडण्या लिहायला लावल्या.

आपली मुलं ऐकू येतं तसं लिहायला शिकतात. मराठीत ते चालतं. ‘क’ला वेलांटी दिली की ‘कि’ होतो, कुठल्याही शब्दात होतो. इंग्रजीत शब्द शोधताना हीच सवय आडवी येते. ‘टीचर’ या शब्दाची अक्षरं दिली की मूल मनात ‘रीच’ म्हणतं आणि वहीत आर, ई, सी, एच लिहितं, कारण मधला ‘ए’ ऐकूच येत नाही. दुसरं मूल ‘चेअर’ असं म्हणून त्याच अक्षरांत खुर्ची शोधतं आणि सी, एच, ई, आर लिहून मोकळं होतं. खुर्चीत ‘आय’ लागतो आणि ‘टीचर’मध्ये ‘आय’ नाही. अशा वेळी वही तपासताना मी नुसती फुली मारायचो. ते मूल नेमकं कुठे वळलं हे त्याच्याच लिहिण्यात स्पष्ट दिसत असे, पण ते वाचायला मी थांबत नव्हतो.

पुढे मी पुठ्ठ्याची अक्षरं केली. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर स्केचपेननं ए ते झेड काढली आणि प्रत्येक गटाला २६ तुकड्यांचा एकेक संच दिला. खूप आवडीनं केलं होतं ते काम. पण प्रत्येक अक्षर एकदाच असल्यामुळे मुलांना ‘ट्री’ करता येईना, ‘बुक’ करता येईना, ‘स्कूल’ तर नाहीच. काही मुलांनी तर असा नियमच धरला की एका शब्दात एक अक्षर एकदाच यायला हवं. पेपरातल्या प्रश्नाचा खरा कस नेमका इथेच असतो. दिलेल्या शब्दात ‘टी’ एकदाच असेल तर दोन ‘टी’ लागणारा शब्द बाद, आणि ‘ई’ दोनदा असेल तर दोन ‘ई’वाला शब्द चालतो. अक्षर आहे का एवढं पाहून भागत नाही, किती वेळा आहे तेही मोजावं लागतं. माझ्या पुठ्ठ्यांनी मुलांची ही मोजणीच बिघडवली.

अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायचा स्क्रॅबल हा खेळ ज्यांनी तयार केला त्या अमेरिकेतल्या वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांची पहिली पानं घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं होतं. त्यांच्या शंभर सोंगट्यांत ‘ई’ १२ आहेत, ‘ए’ आणि ‘आय’ नऊ-नऊ, ‘ओ’ आठ. क्यू, झेड, एक्स, जे, के एकेकच. ‘एस’ मात्र मुद्दाम चारच ठेवलेत, नाहीतर खेळणारा प्रत्येक नामाला ‘एस’ लावून अनेकवचनं करत सुटेल. दोन सोंगट्या कोऱ्या. हे वाचल्यावर मी नवे संच याच प्रमाणात केले. इंग्रजी शब्दांचं सगळं वजन किती थोड्या अक्षरांवर आहे हे मुलांना पुठ्ठे हाताळता हाताळता कळलं, ते माझ्या सांगण्यातून कधी कळलं नसतं. पण हे फार उशिरा झालं. त्याआधी मी याद्यांच्या नादी लागलो होतो.

याद्या म्हणजे गाइडमधल्या. अमुक शब्दापासून होणारे शब्द, तमुक शब्दापासून होणारे शब्द. ‘एज्युकेशन’मध्ये पाचही स्वर आहेत, त्यातून ‘ऑक्शन’ होतो, ‘कॉशन’ होतो, ‘डोनेट’ होतो. मुलं घोकायची आणि सराव परीक्षेत तोच शब्द आला की पैकीच्या पैकी गुण मिळवायची. ‘ऑक्शन’ म्हणजे लिलाव हे मी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. याच सुमारास एक बातमी वाचनात आली. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्यांनी काही आठवड्यांत फ्रेंच शब्दकोशातले शब्द पाठ केले होते. मला वाटलं, झालं, अर्थाशिवाय पाठांतर चालतं याचा हा जागतिक पुरावा. त्या बातमीच्या जोरावर मी आणखी दोन शैक्षणिक वर्षं याद्या घोकून घेतल्या. रिचर्ड्स यांना त्या विजयातून करंडक मिळाला, फ्रेंच भाषा मिळाली नाही, आणि त्यांना ती नकोही होती. माझ्या वर्गातल्या मुलांना मात्र भाषाच हवी होती. अकरावीला मुंबईत जाऊन इंग्रजीतून शिकायचं होतं, कुणाला बोटीवर, कुणाला आखातात नोकरी धरायची होती. एका माणसाच्या विलक्षण स्मरणशक्तीवरून वर्गाचा अभ्यासक्रम ठरवणं ही शिक्षक म्हणून माझी मोठी चूक होती.

आता त्या मुलाविषयी.

आठवीच्या वर्गात मी फळ्यावर ‘टीचर’ हा शब्द लिहिला होता. टी, ई, ए, सी, एच, ई, आर. जास्तीत जास्त शब्द कोण सांगतं अशी स्पर्धा होती आणि हात वर करणाऱ्याला आधी संधी. टीच, रीच, ईच, हीट, हिअर, टिअर, केअर, रेस, चीट असे शब्द पटापट आले. दोन ‘ई’ आहेत हे लक्षात घेऊन एका मुलीनं ‘थ्री’ सांगितला, दुसरीनं ‘चिअर’. हे सगळे गाइडच्या यादीत होते. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, हेक्टर.” तो सहसा बोलत नसे. मी म्हटलं, स्पेलिंग सांग. त्यानं एच, ई, सी, टी, ए, आर, ई असं सांगितलं. सातही अक्षरं त्यानं वापरली होती, एकही उरलं नव्हतं.

मी म्हणालो, असं स्पेलिंग नसतं. हेक्टर मी आयुष्यभर सातबाऱ्यावर मराठीत वाचलेला. इंग्रजीत तो ‘ओ-आर’नं किंवा ‘ई-आर’नं संपत असणार असं मी मनाशी धरून चाललो होतो. तो म्हणाला, “सर, गणिताच्या पुस्तकात आहे.” वर्ग सेमी इंग्रजीचा, गणित इंग्रजीतून. मी पुस्तक उघडायला हवं होतं. ते टेबलावरच होतं. पण स्पर्धा रंगात आली होती, माझ्या यादीत तो शब्द नव्हता आणि माझ्या चुकीची शंका मला मुलांसमोर नको होती. “शब्द येत नसतील तर जुळवाजुळव करू नये,” असं काहीतरी मी बोललो. वर्ग हसला. तो खाली बसला.

संध्याकाळी घरी डिक्शनरी काढली. त्याचं स्पेलिंग अक्षर न अक्षर बरोबर होतं. दिलेली सगळीच्या सगळी अक्षरं लागणारा शब्द हे या प्रकारातलं सर्वांत अवघड उत्तर, आणि वर्गात ते फक्त त्यालाच सुचलं होतं. १०,००० चौरस मीटर म्हणजे एक हेक्टर हे त्यानं नुसतं पाठ केलं नव्हतं, त्या शब्दाचा चेहरा त्याच्या लक्षात राहिला होता. मला वर्षानुवर्षं जे शिकवायचं होतं ते हेच, आणि ते समोर आलं तेव्हा मी ते फेटाळलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मधल्या सुटीत बाजूला बोलावून सांगितलं, की तुझा शब्द बरोबर होता. तो “हो सर” म्हणाला आणि गेला. ही माझी त्याच प्रकरणातली दुसरी चूक, आणि आज मला ती पहिलीपेक्षा मोठी वाटते. चारचौघांत त्याला खोटं पाडलं आणि खरं मात्र एकट्याला सांगितलं. वर्गासमोर फळ्यावर तो शब्द लिहून, “हा यानं शोधला, मी चुकलो” असं म्हणायला एक मिनिट लागलं असतं. वर्गाच्या लेखी तो चुकलेलाच राहिला. त्या वर्षी त्यानं पुन्हा हात वर केला नाही. पुढच्या वर्गासाठी तो दुसऱ्या शाळेत गेला.

हात वर करण्याची स्पर्धा मी त्यानंतर बंद केली. आधी सगळ्यांनी गप्प बसून वहीत लिहायचं, मग एकेकानं वाचायचं. एवढ्यानंच वर्गातली कितीतरी मुलं पहिल्यांदा ऐकू आली.

शिकवण्याची पद्धत खऱ्या अर्थानं बदलली ती मात्र निसर्ग वादळामुळे. करोनामुळे शाळा बंद होत्याच, त्यात ३ जून २०२० ला दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं आणि म्हसळा तालुक्यातली घरंच्या घरं उघडी पडली. कौलं, पत्रे उडाले, सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब शेतांत पडले. कित्येक आठवडे वीज नव्हती, फोन चार्ज करायला माणगावपर्यंत जाणारे लोक होते. माझ्या कपाटातली गाइडं आणि याद्यांच्या वह्या भिजून लगदा झाल्या. मोठी माणसं छपरं शाकारण्यात गुंतलेली, वाडीतली लहान मुलं दिवसभर पडवीत बसून. त्यांना गुंतवायला माझ्याकडे एक खडू आणि जमीन एवढंच होतं.

मग मी आपल्याच तालुक्यांची नावं इंग्रजीत लिहायला सुरुवात केली. रायगडात १५ तालुके आहेत. पेण लिहिलं, पी, ई, एन, आणि सगळीच हसली, कारण तो आधीच पेन होता. मुरूडमधून ‘ड्रम’ निघाला, ‘मड’ निघाला. माणगावमधून एका लहान मुलानं ‘मँगो’ काढला. त्याच पाच अक्षरांतून ‘अमंग’ होतो हे दाखवल्यावर थोरल्या मुलांना पाठ्यपुस्तकातलं वाक्य आठवलं. पनवेलमधून ‘पॅनल’ आणि ‘प्लेन’. श्रीवर्धनच्या अक्षरांतून रेन, हेअर, हँड, डिश हे शब्द आले, आणि सुतारकाम करणाऱ्याच्या मुलानं ‘वार्निश’ सांगितला. मी खडूनं एकेक अक्षर खोडत गेलो. सातही अक्षरं मिळाली. डबा घरात होता, त्यावर छापलेलं त्यानं रोज पाहिलेलं. पोलादपूरमधून रोड, लोड, लाउड आले आणि एका मुलीनं बराच वेळ विचार करून ‘पॉप्युलर’ सांगितला. दोन ‘पी’ लागतात, पोलादपूरमध्ये दोन ‘पी’ आहेत. फक्त ‘डी’ उरला.

म्हसळ्याच्या नावावर मात्र भांडण झालं. आपल्या गावाचं स्पेलिंग कुठे दोन ‘ए’ घालून लिहितात, कुठे तीन. तीन ‘ए’ लिहिणाऱ्यानं ‘मसाला’ काढला, फक्त ‘एच’ उरला. त्याच सहा अक्षरांतून शेजारच्या मुलीनं ‘सलाम’ केला. इंग्रजी शब्दकोशांत दोन्ही शब्द आहेत. दोन ‘ए’ लिहिणारा म्हणाला, हे होऊच शकत नाही, माझ्याकडे दोनच ‘ए’ आहेत, माझे शब्द लॅश, मॅश आणि स्लॅम. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. जेवढी अक्षरं दिली तेवढीच आपल्या हातात, हा नियम मी शाळेत बजावून सांगायचो तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरत नसे. त्या भांडणानं तो कायमचा बसला.

त्या पडवीत कुणी मांडण्या लिहिल्या नाहीत. मुलांना ठाऊक असलेले शब्द अक्षरांकडे पाहिल्यावर वर येत होते, आणि ठाऊक नसलेला शब्द कितीही अक्षरं फिरवून आला नसता. हे शब्द गाइडमधले नव्हते. आपल्याकडे घरटी कुणी ना कुणी मुंबईला, आखातात किंवा बोटीवर. वडिलांनी पाठवलेल्या खोक्यावरचा ‘फ्रॅजाइल’, ‘कार्गो’, ‘व्हिसा’, ‘डेक’, ‘क्रू’ असे शब्द पाचवीतली मुलं सहज वाचतात. मी त्यांना ‘ऑक्शन’ घोकायला लावत होतो आणि त्यांच्या घरात असलेले शब्द कधी विचारले नव्हते.

इतकं कळूनही पुढच्या वर्षी मी पुन्हा घसरलो. वीज आली, ऑनलाइन वर्ग सुरू झाले, आणि अक्षरं टाकली की शब्दांची यादी देणारं ॲप मला सापडलं. मी ते पालकांच्या गटावर टाकलं. गृहपाठात सगळ्यांच्या याद्या सारख्याच लांब, सारख्याच क्रमानं. मी शाबासकी दिली. अशी ॲप बहुतेक स्क्रॅबलचे शब्दसंग्रह वापरतात. कॉलिन्सच्या संग्रहात पावणेतीन लाखांहून जास्त शब्द आहेत आणि त्यातले कित्येक इंग्रज माणसानंही आयुष्यात उच्चारलेले नसतात. ‘क्यू’नंतर ‘यू’ नसलेले दोन-तीन अक्षरी शब्द मुलं मला लिहून पाठवत होती. एका मुलीला अर्थ विचारला तर ती म्हणाली, “सर, मोबाइलनं सांगितला.” ॲप वाईट नाही. मुलानं आधी स्वतः शोधावं आणि मग आपलं काय राहिलं ते ॲपवर ताडून पाहावं, यासाठी ते उत्तम आहे. मी क्रम उलटा लावला होता.

आता वर्गात मी असं करतो. शब्द दिला की आधी त्यातलं कुठलं अक्षर किती वेळा आहे ते शेजारी लिहायचं. स्वर वेगळे काढायचे. मग नेहमी एकत्र येणाऱ्या जोड्या बघायच्या: सी-एच, एस-एच, टी-एच, ई-ए, डबल ई. शेवटी ई-आर, ई-डी किंवा आय-एन-जी बसतं का ते पाहायचं. आणि ज्या शब्दाचा अर्थ सांगता येईल किंवा जो कुठे पाहिला ते सांगता येईल, तोच वहीत लिहायचा. याद्या लहान झाल्या आहेत. पर्यायांच्या प्रश्नात चुका पूर्वीपेक्षा कमी होतात, हे मी उत्तरपत्रिका तपासतो म्हणून खात्रीनं सांगू शकतो.

शिष्यवृत्तीला बसणारं मूल ज्यांच्या घरात आहे त्यांना एवढीच विनंती, की गाइड विकत आणण्याआधी आपल्या गावाचं, आडनावाचं, दुकानाच्या पाटीवरचं इंग्रजी स्पेलिंग त्याला लिहून द्या आणि त्यातले शब्द काढू द्या. त्यानं तुमच्या यादीत नसलेला शब्द सांगितला तर डिक्शनरी उघडल्याशिवाय फुली मारू नका, आणि तो बरोबर निघाला तर ज्यांच्या देखत चूक म्हणालात त्यांच्याच देखत बरोबर म्हणा.